चंद्रकोर आणि उपवासाचा महिना

२०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला आला. त्याच्या तीन दिवस आधी, २ मार्चला, भारतातील मुस्लीम बांधवांनी रमजानचा पहिला रोजा धरला होता. एकाच आठवड्यात दोन्ही समाज उपवासाला बसले. आमच्यापैकी अनेकांना याचे नवल वाटले. परंतु ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे त्यांना आठवत असेल की १९९२ सालीही असेच झाले होते. त्या वर्षी राखेचा बुधवार ४ मार्चला होता आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला होता. मधली तेहतीस वर्षे रमजानने काय केले? तो फेब्रुवारीत गेला, जानेवारीत गेला, नाताळाच्या थंडीत शिरला, दिवाळीला भेटला, श्रावणाच्या सरी व मे महिन्याचा उन्हाळा पाहिला आणि सारे वर्ष उलटे फिरून पुन्हा आपल्या उपवासकाळाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला. आपला उपवासकाळ मात्र या तेहतीस वर्षांत फेब्रुवारी ते एप्रिल ही आपली हद्द सोडून गेला नाही.

दोन्ही उपवास चंद्रावरच बेतलेले आहेत. मग एक जागच्या जागी घुटमळतो आणि दुसरा साऱ्या ऋतूंची प्रदक्षिणा करतो, असे का व्हावे? या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हांला जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हिशेब प्रथम पाहू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ लागतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस व वर काही तास होतात. सूर्याच्या वर्षापेक्षा हे वर्ष सुमारे ११ दिवसांनी तोकडे. ही तूट कशी भरून काढावयाची, हा जगातील प्रत्येक पंचांगकर्त्यापुढचा जुना पेच आहे. आपल्याकडे तो अधिक मासाने सोडविला आहे. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी धोंड्याचा महिना येतो, जावयांना अनारसे मिळतात आणि चैत्र पुन्हा वसंतात येऊन बसतो. यहुदी लोकांनीही हाच मार्ग पत्करला. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून त्यांनी वल्हांडणाचा सण वसंतातच राखला. आपला पुनरुत्थानाचा सण त्या वल्हांडणाशी जोडलेला, म्हणून वसंत विषुवदिनानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी तो येतो व २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत राहतो.

प्राचीन अरबांनाही ही युक्ती ठाऊक असावी. त्यांच्या महिन्यांची नावेच तसे सांगतात. रबी म्हणजे वसंत. जमादी या नावात पाणी गोठण्याचा अर्थ शोधतात. आणि रमजान या शब्दाच्या मुळाशी रखरखीत उन्हाने तापलेल्या भूमीचा दाह आहे. ज्या महिन्याला उन्हाळ्याचे नाव दिले तो केव्हातरी उन्हाळ्यातच येत असला पाहिजे. अल्बेरूनी या थोर पंडिताने इ. स. १००० च्या सुमारास प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की इस्लामपूर्व काळात किनाना टोळीतील एका घराण्याकडे महिना वाढविण्याचा अधिकार होता आणि ही विद्या अरबांनी यहुद्यांकडून घेतली होती. या प्रथेस ‘नसी’ म्हणत. नसी म्हणजे खरोखर अधिक महिना धरणे, की युद्धबंदीचा पवित्र महिना सोयीप्रमाणे पुढे ढकलणे, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. एक मात्र निश्चित : कोणता महिना चालू आहे हे सांगण्याची सत्ता मूठभर माणसांच्या हाती होती, आणि तीवर टोळ्यांची युद्धे, यात्रा व बाजार अवलंबून होते.

ही सत्ता कुराणाने मोडून काढली. नवव्या सुऱ्यात वर्षाचे महिने बाराच असल्याचे सांगून नसीचा कठोर शब्दांत निषेध केला आहे. इ. स. ६३२ मध्ये, निधनापूर्वी काही महिने, पैगंबर महंमद यांनी हजयात्रेतील निरोपाच्या प्रवचनात तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तेव्हापासून मुस्लीम वर्ष ऋतूंपासून सुटले. पंचांग बिघडले असे याचे वर्णन काही युरोपीय लेखकांनी केले आहे. आमच्या मते ते उथळ आहे. अधिक महिना ठरवावयास विद्वान लागतो, कोष्टक लागते, घराणे लागते. चंद्रकोर पाहावयास डोळे पुरतात. वाळवंटातील मेंढपाळालाही आता महिना कळू शकत होता. आम्ही लिहिणारे वा मोजणारे लोक नव्हेत, अशा आशयाचे पैगंबरांचे एक वचन परंपरेने जपले आहे. महिना कधी एकोणतीस तर कधी तीस दिवसांचा असतो हे त्यांनी दोन्ही हातांची बोटे उघडून-मिटून दाखविले असे सांगतात. कोर दिसली की रोजे धरा, पुन्हा दिसली की सोडा, ढग असतील तर तीस दिवस पुरे करा, एवढाच नियम.

रोजे फर्ज झाले ते हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, मदिनेत. त्यापूर्वी मदिनेतील यहुदी मुहर्रमच्या सुमारास आशुराचा उपवास करीत आणि आरंभीचे मुस्लीमही तो पाळीत, असे हदीसमध्ये म्हटले आहे. दुसऱ्या वर्षी प्रार्थनेची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली आणि उपवासही स्वतंत्र झाला. त्या पहिल्या रमजानच्या १७ व्या दिवशी बद्रची लढाई झाली. प्रचलित कोष्टकांप्रमाणे तो इ. स. ६२४ चा मार्च महिना होता. आजारी व प्रवासी यांना सूट, सुटलेले दिवस पुढे भरून काढण्याची मुभा, आणि पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची परवानगी, हे नियम कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात आहेत. या धाग्यांविषयी एक गोड आख्यायिका आहे. तय्यी टोळीचे सरदार अदी बिन हातिम हे पूर्वी ख्रिस्ती होते. मुस्लीम झाल्यावर त्यांनी हा नियम शब्दशः घेतला आणि एक काळा व एक पांढरा दोरा उशीखाली ठेवून ते रात्रभर न्याहाळीत बसले. दोऱ्यांत काही फरक दिसेना, म्हणून सकाळी त्यांनी पैगंबरांना विचारले. पैगंबर हसले व म्हणाले की हे रात्रीचे काळेपण आणि पहाटेचे उजळणे आहे. नव्याने धर्मात आलेल्या माणसाचा तो भाबडा काटेकोरपणा आपल्याला परका वाटू नये.

परंतु डोळ्यांवर सोपविलेला नियमही साधा राहिला नाही. चंद्र सर्वांना एकाच संध्याकाळी दिसत नाही. सूर्य व चंद्र यांतील अंतर सुमारे सात अंशांहून कमी असेल तर कोर दिसणेच शक्य नसते. त्यापुढेही क्षितिज, धूळ, ढग आणि पाहणाऱ्याची नजर यांचा प्रश्न उरतो. कुरैब नावाचे एक गृहस्थ दमास्कसहून मदिनेस परतले तेव्हा इब्न अब्बास यांनी त्यांना चंद्राविषयी विचारले. दमास्कसला कोर शुक्रवारच्या रात्री दिसली होती व खलिफा मुआविया यांनी त्याप्रमाणे रोजे धरले होते. मदिनेत ती शनिवारी दिसली. आम्ही आमच्या दर्शनाप्रमाणेच चालू, असे इब्न अब्बास यांनी उत्तर दिले. एका खलिफाचे राज्य, एकच धर्म, तरी रोजाचे दिवस दोन.

याहून मोठा संघर्ष इ. स. ९६९ मध्ये इजिप्तमध्ये झाला. फातिमी खलिफांचा सेनापती जौहर याने त्या वर्षी फुस्तात शहर घेतले व त्याच्या शेजारी नव्या राजधानीचा, म्हणजे कैरोचा, पाया घातला. फातिमी हे इस्माईली शिया. त्यांचे पंचांग गणिताचे होते : एक महिना तीस दिवसांचा, पुढचा एकोणतीस, आणि तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षांना एकेक दिवस जास्त. या पद्धतीत नववा महिना रमजान नेहमीच तीस दिवसांचा येतो व चंद्र पाहण्याची गरज उरत नाही. रमजान संपताना जौहरने कोष्टकाप्रमाणे ईद केली. फुस्तातचा काझी अबू ताहिर व तेथील सुन्नी जनता यांना मात्र कोर दिसलेली नव्हती. त्यांनी तो दिवस उपवासातच काढला व ईद दुसऱ्या दिवशी केली. विजेत्याची मेजवानी आणि जितांचा उपवास एकाच शहरात, एकाच दुपारी. अल्बेरूनी स्वतः गणिती असूनही त्याने कोष्टकांवर रोजे ठरविणाऱ्यांवर कडक टीका केली आहे. गणिताला सरासरी कळते, प्रत्यक्ष दर्शन कळत नाही, हा त्याचा मुद्दा शास्त्रदृष्ट्याही चुकीचा नव्हता.

ही गोष्ट कैरोतच संपली असे वाचकांनी समजू नये. तिचा धागा थेट मुंबईच्या भेंडीबाजारापर्यंत येतो. दाऊदी बोहरा समाज हा फातिमी परंपरेचा वारस आहे आणि आजही त्याच गणिती पंचांगाप्रमाणे चालतो. म्हणूनच बोहरा कुटुंबांची ईद शेजारच्या सुन्नी घरांच्या ईदेपूर्वी एक-दोन दिवस येते. मुंबईत लहानपण गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी हे पाहिले असेल. त्यामागे हजार वर्षांपूर्वीचा वाद आहे हे थोड्यांना ठाऊक असेल.

आपल्या घरातही असे वाद झाले आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शतकात आशिया प्रांतातील ख्रिस्ती लोक निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीस, वार कोणताही असो, पास्काचा सण करीत. रोममध्ये तो रविवारी होई. स्मर्नाचे महागुरू पॉलिकार्प इ. स. १५५ च्या सुमारास रोमला आले. परमगुरू अनिसेटस व ते यांचे एकमत झाले नाही, परंतु ते सलोख्याने निरोप घेते झाले. पुढे परमगुरू व्हिक्टर यांनी आशियातील ख्रिस्तसभांना बहिष्कृत करण्याचे पाऊल उचलले, तेव्हा ल्योंचे महागुरू आयरेनियस यांनी त्यांना त्या जुन्या सलोख्याची आठवण करून दिली. इ. स. ३२५ च्या निसीया परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरविले खरे, पण कोष्टके वेगळी राहिली आणि भांडणेही. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्विऊ आयरिश मठवासीयांच्या रीतीने चाले, तर केंटहून आलेली त्याची राणी एनफ्लेड रोमच्या रीतीने. बीड या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की राजा पुनरुत्थानाची मेजवानी करीत असता राणी झावळ्यांच्या रविवारी उपवास करीत असे. एका चुलीवर दोन पंचांगे! अखेर इ. स. ६६४ मध्ये व्हिटबी येथे सभा भरवून राजाने रोमची रीत पत्करली.

चंद्राने भक्ती चालू शकते. शेतसारा चालत नाही. पीक चंद्राकडे पाहून पिकत नाही. चांद्र वर्षाने सारा मागितला तर तीस पिकांत एकतीस वेळा सारा भरावा लागतो, आणि तो जादा हप्ता कुणब्याच्या तोंडातून काढला जातो. अकबराच्या दरबारी अबुल फजलने हाच युक्तिवाद मांडला. १५८४ साली अकबराने इलाही नावाचा सौर सन सुरू केला. त्याची आखणी करणारा फतहुल्ला शिराझी हा विजापूरच्या आदिलशाही दरबारातून उत्तरेस गेलेला विद्वान. योगायोग असा की अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १५८२ मध्ये, परमगुरू तेरावे ग्रेगरी यांनी आपले पंचांग सुधारले होते आणि ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून मोजला होता. त्याच काळात गोव्याहून गेलेले येशूसंघीय धर्मगुरू रुडॉल्फ अक्वाविवा व अँटोनी मोन्सेरात फत्तेपूर सिक्रीत अकबराशी धर्मचर्चा करीत होते. अक्वाविवा १५८३ मध्ये परतले आणि त्याच वर्षी कुंकळ्ळी येथे मारले गेले.

दख्खनमध्ये हा पेच अकबराच्या फार पूर्वी सुटला होता, आणि तोही मोठ्या खुबीने. महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ मध्ये, येथे शुहूर सन सुरू झाला असे मानतात. त्याची वर्षे अरबी अंकशब्दांनी मोजत, परंतु वर्ष बदले ते सूर्य मृग नक्षत्रात आला की. म्हणून शेतकरी त्याला मृगसाल म्हणत. पेशवे दप्तरातील कागद पाहिले तर या सनाबरोबर ‘छ’ हे अक्षर येते व त्यापुढे रमजान, शव्वाल, सफर अशा मुसलमानी महिन्याची तारीख असते. ब्राह्मण कारकून, मराठी भाषा, मोडी लिपी. दिवस हिजरी चंद्राचा आणि वर्ष मृगाच्या पावसाचे. पेशव्यांच्या कारकुनाला रमजानची कितवी तारीख आहे हे रोज ठाऊक असावे लागे! या तारखांचा मेळ घालण्यासाठी मोडक व खरे यांनी जंत्र्या रचल्या नसत्या तर मराठ्यांचा इतिहास लिहिणे कठीण झाले असते.

वसईचेच उदाहरण घेऊ. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या तहाची तारीख मराठी ग्रंथांत बहुधा ५ मे अशी दिलेली आढळते आणि पोर्तुगीज साधनांत १६ मे अशी. आमच्यापैकी काहींनी शाळेत यावरून वाद घातला होता. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. पोर्तुगीजांनी परमगुरू ग्रेगरींचे पंचांग स्वीकारले होते. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही, आणि दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडले होते. मराठी छावणीत तोच दिवस सफर महिन्यातला व शुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९ मधला, ठरतो. पराभूत सैन्याने एका पंचांगात शस्त्रे ठेवली, विजयी सैन्याने दुसऱ्यात ती उचलली, आणि मुंबईच्या इंग्रजांनी तिसऱ्यात त्याची नोंद केली.

विषयाच्या ओघात एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. नमाजाच्या वेळा व चंद्राची गती यांचा हिशेब ठेवण्यासाठी मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा ज्योतिषी नेमीत. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल्-शातिर या पदावर होता. १३७१ मध्ये त्याने तेथील मनोऱ्यासाठी एक भव्य सूर्यघटिका केली. चंद्राच्या गतीची जी आकृती त्याने मांडली तीच, गणिताच्या दृष्टीने जशीच्या तशी, दीड शतकानंतर कोपर्निकसच्या ग्रंथात आढळते. कोपर्निकस हा पोलंडमधील एका प्रधानमंदिराचा कॅनन, म्हणजे आपल्याच धर्मसभेचा सेवक. ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने गेली याचा शोध अभ्यासक अजून घेत आहेत.

आमच्या लहानपणी गावाच्या वेशीजवळ एक वृद्ध मुस्लीम शिंपी राहत. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ते रोजा सोडून पडवीच्या पायरीवर उभे राहत आणि समुद्राकडील आकाश न्याहाळीत. कोर दिसली तर ईद उद्या, आणि गिऱ्हाइकांचे न शिवलेले कपडे रातोरात पुरे करावयाचे. न दिसली तर एक दिवसाची उसंत. ‘‘चाचा, भिंतीवरच्या कॅलेंडरात तर ईद उद्याच छापली आहे,’’ असे आमच्यातील एकाने त्यांना सांगितले. ‘‘बाळ, छापणाऱ्याने चांद पाहिला नाही,’’ एवढेच ते बोलले. त्या वर्षी ढग होते. रात्री बऱ्याच उशिरा शहराहून कोणी निरोप घेऊन आला आणि आम्ही झोपेत असता त्यांच्या यंत्राची खडखड सुरू झाली ती पहाटेपर्यंत थांबली नाही. आज हिलाल समितीचा निर्णय क्षणात घरोघर पोहोचतो, तुर्कस्तानसारख्या देशांनी गणित स्वीकारले आहे, आणि दुर्बिणीतून पाहिलेली कोर मानावी की नाही यावर पंडित चर्चा करीत असतात. सौदी अरेबियात २०२५ चा रमजान भारताच्या एक दिवस आधी, १ मार्चला सुरू झाला. तेथे ईद ३० मार्चला, येथे ३१ ला. इब्न अब्बास यांचे उत्तर अजून जुने झालेले नाही.

त्याच २०२५ साली निसीया परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली, आणि पौर्वात्य व पाश्चात्त्य ख्रिस्तसभांचा पुनरुत्थानाचा रविवार योगायोगाने एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा वेगळा झाला.

रमजान ईदेनिमित्त जगभरच्या मुस्लिमांना शुभेच्छा पाठविण्याचा प्रघात रोममध्ये १९६७ पासून आहे. सहसा हा संदेश आंतरधर्मीय संवादाचे काम पाहणारे कार्यालय पाठविते. १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी तो स्वतः पाठविला. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अफगाणिस्तानात युद्ध चालू असता त्यांनी कॅथलिकांना शांतीसाठी एक दिवस उपवास करावयास सांगितले. तो दिवस होता १४ डिसेंबर २००१, रमजानचा अखेरचा शुक्रवार. आपण तेव्हा आगमनकाळात होतो. त्या दिवशी मुस्लीम घरांतील रोजा सूर्यास्ताला सुटला आणि आपल्या काही घरांतही संध्याकाळपर्यंत चूल पेटली नव्हती.

आता रमजान पुन्हा हिवाळ्याकडे सरकत आहे. २०३० मध्ये तो एकाच इसवी वर्षात दोनदा सुरू होईल, जसा १९९७ मध्ये झाला होता : एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा डिसेंबरच्या अखेरीस. त्या दुसऱ्या रमजानची कोर लोक शोधू लागतील तेव्हा आपल्या घरांवर नाताळाच्या चांदण्या टांगलेल्या असतील.